कॉइल बदलायची तर डॅशबोर्ड उतरवा

मालवाहू वाहन हाकणाऱ्या माणसाला उन्हाच्या कहारापासून संरक्षण मिळाले पाहिजे, हे तत्त्व आपल्या नियमांनी अखेर मान्य केले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बसविणे कारखानदारांवर बंधनकारक केले. विदर्भात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात पोहोचतो, तेव्हा इंजिनाच्या धगीजवळ दहा-बारा तास बसणाऱ्या चालकाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना पंख्याखाली बसून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना येणे कठीण आहे. थकलेल्या चालकाच्या डोळ्यांवर झापड येते आणि त्याची किंमत रस्त्यावरच्या इतरांनाही मोजावी लागते. म्हणून या नियमाचे स्वागत करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

तथापि, नियमाने दोन गोष्टी सोडून दिल्या आहेत. पहिली अशी की, हा नियम साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहनांनाच लागू आहे. त्या मर्यादेच्या आत येणारा पिकअप, म्हणजे देवगडचा आंबा वाशीच्या बाजारात, नाशिकचा भाजीपाला मुंबईत आणि गावोगावचे दूध संकलन केंद्रावर पोहोचविणारे छोटे वाहन, त्यातून वगळले गेले आहे. वातानुकूलन असलेले पिकअप बाजारात मिळू लागले आहेत, पण तो घेणाऱ्याच्या ऐपतीचा प्रश्न आहे, चालकाच्या हक्काचा नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे आणि तिची चर्चा जवळजवळ होत नाही. यंत्रणा बसविण्याचा नियम झाला. ती बिघडल्यावर दुरुस्त कशी व्हावी, कोणी करावी आणि किती खर्चात करावी, याविषयी मात्र नियम मुका आहे. वाहन दहा-पंधरा वर्षे चालते. त्यातील पहिली दोन-तीन वर्षे हमीची असतात. उरलेली सारी वर्षे चालक आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक यांच्या नशिबावर सोडलेली असतात.

या प्रश्नाचे सारे पैलू एकाच सुट्या भागात पाहायला मिळतात. मेकॅनिक मंडळी ज्याला ‘कूलिंग कॉइल’ म्हणतात आणि पाठ्यपुस्तके ‘इव्हॅपोरेटर’ म्हणतात, तो हा भाग. ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या आणि त्यांच्यामध्ये दाटीने बसविलेल्या पन्हाळीदार पट्ट्या, असे त्याचे रूप. एखाद्या जाडजूड ग्रंथाएवढा आकार आणि उचलायला हलका. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर प्रशीतक वायू दाबतो, पुढच्या जाळीमागील कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होतो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या चिंचोळ्या वाटेने कॉइलमध्ये शिरताच त्याचा दाब एकदम उतरतो. कमी दाबाखाली हा द्रव उकळू लागतो. वाहनांत सर्रास वापरला जाणारा ‘आर-१३४ए’ हा वायू साध्या वातावरणीय दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. कॉइलमधील दाब त्याहून काहीसा अधिक राखल्याने तेथील तापमान शून्याच्या थोडे वर राहते. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो केबिनच्या हवेतून ओढून घेतो. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाचा हा यांत्रिक आविष्कार होय.

हवा गार होताना तिच्यातील बाष्पही कॉइलवर जमते आणि पाण्याच्या रूपाने खालच्या नळीतून रस्त्यावर ठिबकते. कॉइलचे दुखणे येथेच सुरू होते. ती बारा महिने ओली. त्या ओलाव्यावर रस्त्याची धूळ, पाचोळ्याचा चुरा आणि किनारपट्टीवर खारी हवा येऊन बसते. केबिन फिल्टर नसला किंवा वेळेवर बदलला नाही, तर हा लेप जाड होत जातो. ॲल्युमिनियमला बारीक बारीक खड्डे पडतात आणि एके दिवशी सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते. आतूनही संकट असतेच. यंत्रणेत ओलावा शिरला, तर तो वायू आणि तेल यांच्याशी मिसळून आम्लता निर्माण करतो आणि धातू आतून कुरतडतो. छिद्र इतके लहान असते की, गारवा एका दिवसात जात नाही. या उन्हाळ्यात थोडा कमी, पुढच्या उन्हाळ्यात आणखी कमी, अशी ती हळूहळू होणारी गळती असते.

लपवून ठेवलेला भाग

आता ही कॉइल असते कोठे? डॅशबोर्डच्या मागे, एका प्लास्टिकच्या पेटीत, ब्लोअर आणि हीटर यांच्या शेजारी. काही वाहनांत समोरचा सामानाचा कप्पा काढला की, ती बाजूने ओढून बाहेर घेता येते. पण अनेक पिकअपमध्ये, आणि पिकअप ज्या देशाचे जणू राष्ट्रीय वाहन झाले आहे त्या अमेरिकेतील कित्येक नमुन्यांत, तिच्यापर्यंत पोहोचायचे म्हणजे अर्धी केबिन उकलावी लागते. प्रथम वायू यंत्राच्या साह्याने काढून घ्यायचा. बॅटरी सोडवायची आणि एअरबॅग असेल तर तिच्यातील विद्युतभार निवळेपर्यंत थांबायचे. हीटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळ्या सोडवायच्या. स्टिअरिंगचा दांडा खाली उतरवायचा, तारांचे जुडगे एकेक करून खुणा करून ठेवायचे, मग सारा डॅशबोर्ड पुढे ओढायचा. त्यामागची पेटी बाहेर काढून तिचे दोन भाग करायचे, तेव्हा कुठे कॉइल हाताला लागते. ती बदलण्याचे प्रत्यक्ष काम काही मिनिटांचे. पोहोचण्याचे आणि परतण्याचे काम दिवसाचे, कधी दोन दिवसांचे. नव्या ओ-रिंगा, नवा ड्रायर, मोजून घातलेले तेल, यंत्रणा निर्वात करून गळतीची तपासणी आणि शेवटी वजन करून भरलेला वायू, यांतील एकही पायरी गाळून चालत नाही. आणि एवढे करूनही डॅश एकदा उतरला की पहिल्यासारखा बसत नाही. पुढे खड्ड्यागणिक तो खडखडतो, ही तक्रार नेहमीचीच.

ही रचना अटळ होती काय? इतिहास पाहिला तर उत्तर वेगळे मिळते. मोटारीला कारखान्यातूनच वातानुकूलन देण्याचा पहिला प्रयत्न अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या नमुन्यांत केला. तेव्हा कॉइल मागच्या डिकीत होती. ती सामानाची बरीचशी जागा खात असे आणि यंत्रणा पूर्ण बंद करायची तर इंजिनावरचा पट्टाच काढावा लागे. यंत्रणा बोजड होती, पण तिच्यापर्यंत हात पोहोचत होता. पुढे १९५४ साली नॅश कंपनीने सारी यंत्रणा वाहनाच्या पुढच्या भागात आटोपशीरपणे सामावून दाखवली आणि तोच प्रघात पडला. आपल्याकडे १९८० च्या दशकात ॲम्बेसेडर मोटारीला बाहेरून वातानुकूलन बसवीत, तेव्हा कॉइलची पेटी डॅशखाली टांगलेली असे. ती दिसायला ओबडधोबड होती. पण चार बोल्ट सोडले की मेकॅनिकच्या मांडीवर येत असे. सौंदर्य, जागेची बचत आणि कारखान्यातील जुळणीचा वेग, या तीन गोष्टी पुढे आल्या आणि दुरुस्तीची सोय मागे पडली. कारखान्यात पेटी आधी बसते आणि डॅशबोर्ड नंतर येतो. तेथे ते काम काही मिनिटांत उरकते. ती मिनिटे वाचविण्याची किंमत दहा वर्षांनंतर तिसराच माणूस भरतो.

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. केबिनमध्ये जागा मोजकी असते. अपघाताच्या वेळी प्रवाशाच्या गुडघ्यांना इजा होऊ नये, एअरबॅग नीट उघडावी, यासाठी डॅशबोर्ड एकसंध आणि भक्कम असावा लागतो. प्रत्येक भागाला स्वतंत्र दार ठेवले तर वजन आणि खर्च वाढेल, आवाज आणि गळतीचे नवे मार्ग निर्माण होतील. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या वाहनांत सामानाच्या कप्प्यामागून कॉइल निघते, तीही सुरक्षिततेच्या त्याच कसोट्यांतून गेलेली असतात. तेव्हा प्रश्न अशक्यतेचा नाही. आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर दुरुस्ती करणाऱ्याचा प्रतिनिधी बसलेला नसतो, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत मजुरी महाग असल्याने हा दोष बिलावरच उमटतो. तेथे कॉइलपेक्षा ती बदलण्याची मजुरी कितीतरी अधिक भरते आणि ग्राहक आरडाओरड करतो. आपल्याकडे मजुरी स्वस्त आहे, म्हणून हा दोष डोळ्यांवर येत नाही. तो कारागिराच्या वाकलेल्या पाठीत आणि चालकाच्या बुडालेल्या दिवसांत जिरून जातो. आंब्याच्या हंगामात पिकअप दोन दिवस उभा राहिला, तर भाडे जाते, बांधलेले गिऱ्हाईक जाते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणूनच बहुसंख्य चालक तो मार्ग पत्करीत नाहीत. ते म्हणतात, “नुसता गॅस भरून द्या.”

गॅस जातो कोठे?

नुसता गॅस भरून देण्याच्या या रिवाजात वैयक्तिक काटकसर दिसत असली, तरी ती सार्वजनिक हानीत परिणत होते. वातानुकूलन यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातील वायू खर्च होत नाही. तो कमी झाला याचा अर्थ तो हवेत गेला. फुटक्या घागरीत पाणी भरावे, तसा दर उन्हाळ्यात तो भरला जातो आणि दर हिवाळ्यापर्यंत निघून जातो. इंजिन बंद असतानाही कॉइलमध्ये दाब असतोच, त्यामुळे उभ्या वाहनातूनही गळती चालूच राहते.

या वायूंचा इतिहास उद्बोधक आहे. पूर्वी वापरात असलेला ‘आर-१२’ हा वायू ओझोनचा थर विरळ करतो, अशी भीती मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये व्यक्त केली. १९८७ चा माँट्रिअल करार त्यातूनच उभा राहिला आणि भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. त्या वायूची जागा ‘आर-१३४ए’ने घेतली. तो ओझोनला इजा करीत नाही, हे खरे. पण उष्णता अडवून धरण्याच्या बाबतीत तो कार्बन डायॉक्साइडच्या तेराशे पटींहून कमी नाही, असे शंभर वर्षांच्या हिशेबाने मानले जाते. सहाशे ग्रॅम वायू हवेत गेला, तर त्याचा परिणाम पाऊण टनाहून अधिक कार्बन डायॉक्साइडएवढा होतो. म्हणजे सुमारे तीनशे लिटर डिझेल जाळल्याइतका. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने या वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली असून, आपला वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. एकीकडे हे वचन आणि दुसरीकडे लाखो नव्या ट्रकांत वातानुकूलन, यांचा मेळ घालायचा तर गळती थांबविण्याला पर्याय नाही.

वायू महाग होत जाईल तसे आणखी एक संकट वाढेल. स्वस्तातले बनावट वायू बाजारात येतात. स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वालाग्राही मिश्रण वाहनात भरण्याचे प्रकार अनेक देशांत घडले आहेत. कॉइल गळकी असेल, तर हे मिश्रण थेट केबिनमध्ये उतरते, जेथे चालक बसलेला असतो आणि कदाचित विडी पेटवीत असतो. बाजारात मिळणारी छिद्र बुजविणारी रसायनेही फसवी असतात. ती कधी काम करतात, कधी व्हॉल्व्हच गोठवून टाकतात आणि पुढच्या कारागिराचे वायू काढून घेण्याचे यंत्र बिघडवतात.

अमेरिकेने १९९० मध्ये आपल्या हवा-शुद्धीच्या कायद्यात सुधारणा करून वाहनातील वायू जाणूनबुजून हवेत सोडण्यास मनाई केली आणि पैसे घेऊन हे काम करणाऱ्या कारागिरासाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्र सक्तीचे केले. आपल्याकडील लहान गॅरेजांत नट ढिला करून वायू ‘सोडून देणे’ हीच पद्धत सर्रास दिसते. यात मेकॅनिकला दोष देणे सोपे आहे. पण वायू काढून, स्वच्छ करून पुन्हा भरणारे यंत्र त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि ते वापरण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नाही.

ज्ञान कोणाच्या मालकीचे?

येथे या प्रश्नाची तिसरी बाजू समोर येते. डॅशबोर्ड कोणत्या क्रमाने उतरवायचा, कोणता बोल्ट कोठे दडला आहे, तेल किती आणि वायू किती ग्रॅम, ही माहिती कंपनीच्या पुस्तिकेत असते आणि ती पुस्तिका पुष्कळदा कंपनीच्या अधिकृत केंद्राबाहेर मिळत नाही. परिणामी बाहेरचा कारागीर अंदाजाने काम करतो. गळती एखाद्या ओ-रिंगमध्ये असते आणि बदलली जाते कॉइल; किंवा याच्या उलट. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच प्रकारच्या वर्तनाबद्दल. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची उपकरणे खुल्या बाजारात न देता ग्राहकाला अधिकृत केंद्राशी जखडून ठेवणे स्पर्धेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची क्षेत्रे. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण संकेतस्थळावर कंपन्यांची माहिती एकत्र ठेवणे वेगळे आणि ती माहिती देणे कायद्याने बंधनकारक करणे वेगळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये वाहनांसाठी असा कायदा केला, तेव्हा दोन वर्षांत मोटार कंपन्यांना त्याचे तत्त्व साऱ्या देशासाठी मान्य करावे लागले. एका राज्याच्या कायद्याने जे साधले, ते महाराष्ट्रासारख्या वाहन-उद्योगात अग्रेसर असलेल्या राज्याच्या पुढाकाराने का साधू नये?

करण्यासारखे काय?

उपाय अवघड नाहीत आणि फार खर्चिकही नाहीत. वातानुकूलनाची सक्ती करताना सरकारने यंत्रणेच्या गारव्याची कसोटी घालून दिली. तिच्या जोडीला दुरुस्तीचीही कसोटी असावी. कॉइल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ब्लोअर बदलण्यासाठी किती तास लागतात, हे कंपनीने मान्यतेच्या वेळीच जाहीर करावे आणि ग्राहकाला विक्रीपत्रकावर छापून द्यावे. इंधनाचा खप सांगता येतो, तर दुरुस्तीचे तास का सांगता येऊ नयेत? फ्रान्सने काही विद्युत उपकरणांवर दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक छापण्याची सक्ती जानेवारी २०२१ पासून केली आहे. मालवाहनाला तो अधिक शोभेल, कारण ते वाहन चैनीची वस्तू नसून पोट भरण्याचे साधन आहे. हे आकडे शेजारी-शेजारी छापले गेले की, आराखडा काढणाऱ्याला आपोआप दुरुस्ती करणाऱ्याची आठवण होऊ लागेल.

दुसरे म्हणजे डॅशबोर्डमागे बंदिस्त केलेल्या भागांसाठी हमीची मुदत वेगळी आणि मोठी असावी. ज्या भागापर्यंत मालकाला पोहोचता येत नाही, त्याची जबाबदारी लपविणाऱ्याने अधिक काळ वाहावी, हा साधा न्याय आहे.

तिसरा उपाय शिक्षणाचा. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. अशा कार्यक्रमांचा भर घरगुती वातानुकूलन यंत्रांवर राहून वाहनांचा मेकॅनिक मागे राहता कामा नये. प्रत्येक तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायू परत मिळविणारे एक यंत्र ठेवावे. विद्यार्थी त्यावर शिकतील आणि परिसरातील गॅरेजवाले माफक भाडे भरून ते वापरतील. ज्या महाराष्ट्राने सहकाराच्या बळावर साखर कारखाने उभे केले, त्याला सामाईक मालकीचे एक यंत्र जड नाही.

चौथे, पिकअपचा विचार. साडेतीन टनांच्या आतला चालक उन्हात कमी भाजतो, असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या वाहनाची किंमत वाढेल, ही हरकत खरी आहे, कारण तो बहुधा स्वतःच मालक असतो आणि कर्जावर जगतो. म्हणून एकाएकी सक्ती न करता प्रथम सुसह्य केबिनचे निकष, म्हणजे छताचे उष्णतारोधन, पुरेसा वारा आणि इंजिनाच्या धगीपासून आडोसा, घालून द्यावेत आणि वातानुकूलन टप्प्याटप्प्याने आणावे. ते आणताना कॉइल हाताशी राहील, अशी अट मात्र पहिल्या दिवसापासून असावी. मोठ्या ट्रकांच्या बाबतीत जे राहून गेले, ते येथे तरी राहू नये.

सुधारणेचा नियम करताना यंत्र नवे असतानाचे चित्र डोळ्यांसमोर असते, ही आपल्या कारभाराची जुनी सवय आहे. शाळेला संगणक मिळतात आणि ते दुरुस्त करणारा मिळत नाही. आरोग्य केंद्रात यंत्र येते आणि सुट्या भागाअभावी झाकून ठेवले जाते. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना हा अनुभव नवा नाही. १ ऑक्टोबर २०२५ नंतर कारखान्यातून निघालेल्या ट्रकांच्या केबिन आज गार आहेत. त्यांच्या कॉइली गळू लागतील, तेव्हा हमीची मुदत उलटून गेलेली असेल. दुरुस्तीचे नियम करायला तेवढाच अवधी सरकारच्या हाती आहे आणि त्यातील काही महिने गेलेसुद्धा आहेत.